पंखा ‘डायरेक्ट’ करू नका!

मंडळी, जून आला. दरवर्षीप्रमाणे आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न पडायला सुरुवात झाली आहे : “गाडी गरम होतेय, काय करू?” आणि त्याखाली दरवर्षीचीच तीन उत्तरं. थर्मोस्टॅट काढून टाका. पंखा डायरेक्ट करून घ्या. कूलंटवर पैसे कशाला घालवता, पाणी ओता.

ही पोस्ट त्या तीन उत्तरांच्या विरोधात आहे. सरळच सांगते, ही उत्तरं चुकीची आहेत आणि आखातात ती धोक्याची आहेत. ज्या गाड्यांवर हे प्रयोग होतात त्यांच्या मागच्या सीटवर आपलीच मुलं बसलेली असतात, म्हणून राग येतो. जरा लांबलचक आहे, पण सालालाचं बुकिंग करण्याआधी वाचा.

आधी हे सल्ले आले कुठून ते बघू. ते आले आपल्या वडिलांच्या आणि काकांच्या पिढीकडून. मे महिन्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात फियाट आणि अॅम्बेसेडर बॉनेट उघडून रांगेने उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन शेजारी. रेडिएटर बारीक गळायला लागला तर त्यात चमचाभर हळद टाकायची, पुढच्या गावापर्यंत गाडी जायची. हे खोटं नाही, तेव्हा ते चालायचं. कारण रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, कोपऱ्यावरचा माणूस त्याला डाग देऊन द्यायचा. पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, त्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. बहुतेक गाड्यांना एसी नव्हता. संगणक तर नव्हताच.

आज तुमच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी ती नाही. तिचा रेडिएटर पातळ अॅल्युमिनियमचा, त्याच्या दोन्ही टाक्या प्लॅस्टिकच्या. इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं. पंखा विजेवर चालतो आणि तो कधी, किती वेगाने फिरायचा ते संगणक ठरवतो. अशा गाडीत हळद टाकली की ती गळतीच्या भोकापाशी जाऊन थांबत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. वडिलांचा अनुभव खरा होता, पण तो त्यांच्या गाडीचा होता.

आता इथल्या उन्हाचं गणित बघा. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंटमार्फत रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो ते कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४८ अंशांवर गेली की फरक उरतो ४७. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची ताकद दोन तृतीयांशावर आली. त्यात रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. गाडीच्या आतली सगळी उष्णता तो बाहेर टाकतो, म्हणजे रेडिएटरपर्यंत येणारी हवा ४८ च्याही वर तापूनच येते. पुण्यात किंवा नाशकात जी कसर गाडी वर्षानुवर्षं सहन करते, ती इथे जूनच्या एका दुपारी उघडी पडते.

आता एकेक सल्ला घेऊ.

पहिला : “थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.” ऐकायला किती सोपं! थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा एक छोटा वॉल्व्ह. साधारण ८२ ते ९० अंशांना तो उघडतो आणि कूलंटला रेडिएटरकडे सोडतो. त्याआधी कूलंट इंजिनमध्येच फिरवून इंजिनला लवकर योग्य तापमानावर आणतो. अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात शिरतो. म्हणजे गरम होऊ नये म्हणून जे केलं, त्यानेच गाडी जास्त गरम होते. ज्या इंजिनांत अशी रचना नाही तिथे हिवाळ्यात उलटा त्रास : इंजिन पुरेसं तापत नाही, संगणकाला वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ऑइल लवकर खराब होतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा घाला. चांगल्या कंपनीच्या थर्मोस्टॅटला आणि रेडिएटरच्या नव्या झाकणाला मिळून जेवढे पैसे लागतात, तेवढे आपण वीकेंडच्या एका ब्रंचला घालवतो.

दुसरा : “कूलंट कशाला, पाणी चालतं.” यात एक अर्धसत्य आहे ते आधी मान्य करते. साधं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडी जास्त उष्णता वाहून नेतं. पण पाणी उकळतं १०० अंशांना. झाकण कशासाठी असतं? आतला दाब वाढवून उकळण्याचं तापमान वर न्यायला. अनेक जपानी गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो याच दाबाचा. १.१ च्या झाकणाखाली साधं पाणी साधारण १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण असेल तर हीच मर्यादा १३० च्या आसपास जाते. हे आठ-नऊ अंश म्हणजे तुमची जूनमधली शिल्लक. हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपास कूलंट सर्वांत जास्त तापतो. तिथे वाफेचे बुडबुडे झाले की त्या जागेची उष्णता कोणी उचलत नाही आणि हेड वाकायची सुरुवात तिथून होते. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, वॉटर पंपाच्या सीलला ती जपतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात. वर्षभर नळाचं पाणी टाकलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण एकदा थंड असताना उघडून बघा. आत चहाच्या रंगाचं पाणी दिसलं तर समजा, आतलं धातू झिजतंय.

आणि हो, कूलंटच्या रंगावर जाऊ नका. गुलाबी, हिरवा, निळा हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने ठरवलेत, त्याला सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घाला. दोन वेगळे प्रकार मिसळले तर गंज रोखणाऱ्या रसायनांचा जोर कमी होतो, काही वेळा गाळही बसतो.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत वाईट : “पंखा डायरेक्ट करून टाका.” म्हणजे सेन्सर, रिले, संगणक सगळं बाजूला ठेवून पंख्याची वायर सरळ इग्निशनला जोडायची. चावी फिरवली की पंखा चालू. किंवा डॅशबोर्डखाली एक बटण बसवायचं, गरम वाटलं की दाबायचं. सनैयात हे काम अर्ध्या तासात होतं, म्हणून लोकप्रिय आहे.

यात काय काय होतं ते बघा. रेडिएटरचा पंखा १० ते २० अँपिअर सहज ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहूनही बराच जास्त. एवढ्या प्रवाहाला जाड वायर, रिले आणि फ्यूज लागतो. डायरेक्टमध्ये बहुतेक वेळा हातात आली ती वायर जोडतात, फ्यूज नसतो, टेप गुंडाळलेला असतो. बॉनेटखालच्या उष्णतेत तो टेप किती दिवस टिकेल? दुसरं, वायर जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तर मोटर उलटी फिरते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण समोरून येणाऱ्या हवेला तो परत बाहेर ढकलत असतो. तिसरं, पंखा हायवेवरही विनाकारण फिरत राहतो आणि मोटर लवकर झिजते. आणि ज्या दिवशी ती बंद पडते त्या दिवशी कुठलीही सूचना येत नाही, कारण सूचना देणारी यंत्रणाच आपण तोडलेली असते. चौथं, मूळ दोष तसाच राहतो. सेन्सर गेला होता? रिले जळला होता? पंख्याची मोटरच जाम होत होती? काही कळत नाही.

बटणाचं तर विचारूच नका. बटण कुठे आहे, कधी दाबायचं, हे ज्याने बसवून घेतलं त्यालाच माहीत. दुपारी गाडी घेऊन शाळेत जाते त्याची बायको.

आता मुद्द्यावर येते. गाडीच्या पंख्याची सर्वांत कठीण परीक्षा हायवेवर नसते, ती असते शाळेच्या गेटसमोर. वेग साधारण ५० किलोमीटरच्या वर गेला की समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करायला बहुतांशी पुरते. पण दुपारी दीड वाजता, पिकअपच्या रांगेत, एसी फुल्ल ठेवून गाडी जागेवर उभी असते तेव्हा समोरून हवा शून्य. खाली डांबर तापलेलं, पुढच्या गाडीचा धूर तोंडावर. तिथे फक्त पंखा आणि पंखाच. त्या रांगेत रोज मी असते, तुमच्यापैकीही कितीतरी जणी असतात. ग्रुपवर “डायरेक्ट करून टाका” लिहिणारे त्या वेळी ऑफिसात सेंट्रल एसीमध्ये असतात. म्हणून हा सल्ला देण्याआधी जरा विचार करा, एवढीच विनंती.

गाडी कधी गरम होते यावरूनच अर्धं निदान होतं. हे लक्षात ठेवा.

उभ्या गाडीत, सिग्नलला, रांगेत काटा चढतो आणि चालू लागलं की उतरतो : दोष पंख्याकडे. याची पहिली खूण काट्याआधी एसीवर दिसते. सिग्नलला एसी कोमट आणि चालताना गार, असं होत असेल तर बहुतेक पंखा नीट चालत नाहीये. गॅस भरायला पळू नका, आधी पंखा बघा. अनेक गाड्यांना दोन पंखे असतात. त्यातला एक बंद पडला तर डिसेंबरात कळतही नाही, जूनमध्ये कळतं.

हायवेवर १२० च्या वेगाने किंवा चढावर काटा चढतो : दोष बहुधा पंख्याकडे नसतो. रेडिएटर आतून चोंदलाय, बाहेरून पाकळ्यांमध्ये वाळू भरलीय, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, वॉटर पंप थकलाय, झाकण दाब धरत नाही, किंवा हेड गॅस्केट जायला लागलंय. जबल हफीतच्या किंवा जबल जैसच्या चढावर जी गाडी तापते तिचा पंखा डायरेक्ट करून काहीही होणार नाही. आणि इथे तर लोक तेच करतात!

मग “मोठा पंखा, जाड रेडिएटर” वाले येतात. मुलगा कॉलेजला गेला, जुनी गाडी घेतली, आता त्यात तीन ओळींचा अॅल्युमिनियम रेडिएटर आणि ऑनलाइन मागवलेला मोठ्ठा पंखा बसवायचाय. बसवू दे, पण एवढं समजून घेऊन. रेडिएटर जाड झाला की त्यातून हवा ओढणं अवघड होतं. खोक्यावर हवेचे जे आकडे छापलेले असतात ते बहुतेकदा मोकळ्या हवेतले असतात, कंडेन्सर आणि रेडिएटर समोर ठेवून मोजलेले नसतात. आणि पंख्यापेक्षा महत्त्वाचं असतं त्याच्या भोवतीचं प्लॅस्टिकचं कवच, श्राउड. ते असेल तर पंखा पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढतो. ते नसेल तर पात्यांच्या समोरच्या गोलापुरतीच हवा येते, बाकीचा रेडिएटर नुसता बघत बसतो. मोठा पंखा लावायला श्राउड कापून टाकणं म्हणजे कूलरची पेटी फेकून नुसता पंखा ठेवणं. कंपनीने बसवलेली पूर्ण व्यवस्था, नीट चालू स्थितीत, बहुतेक घरगुती गाड्यांना इथे पुरते. तीच आधी पूर्ण करा.

श्राउडवरून आठवलं. जुनी गाडी घेताना, विशेषतः अमेरिकेतून अपघातात ठोकलेली येऊन इथे दुरुस्त झालेली, बॉनेट उघडून समोरचा भाग नीट बघा. पुढून ठोकलेल्या गाडीत सर्वांत आधी चेपतात कंडेन्सर, रेडिएटर आणि पंखा. दुरुस्त करताना तिथेच पैसे वाचवलेले असतात : श्राउड गायब, दोन पंख्यांच्या जागी एक, क्लिपांच्या जागी तारा. वरचा रंग कितीही चमकू दे. आखातासाठी बनलेल्या गाड्यांची थंड करण्याची व्यवस्था साधारणपणे इथल्या उन्हाच्या हिशोबाने दिलेली असते, दुसऱ्या देशासाठी बनलेल्या गाडीत तसं असेलच असं नाही.

“पण मेकॅनिकच म्हणाला!” हो, म्हणाला. कारण आपण त्याला म्हणालो, “भाई, सस्ते में कर दो, कल सुबह निकलना है।” तो कारागीर आहे, गिऱ्हाईक मागतं ते देतो. दोष त्याच्यावर टाकण्याआधी आपण काय मागतो ते बघा. या वेळी गॅरेजमध्ये जाऊन हे मागा :

थंड गाडीला प्रेशर टेस्ट करा, गळती कुठे आहे ते दाखवा. झाकणही तपासा. पंख्याचा रिले, फ्यूज, सेन्सर आणि कनेक्टर बघा. जळका, वितळलेला असेल तर बदला, बाजूला टाकू नका. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली धूळ-वाळू काढा, पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि हलक्या दाबाने मारा. जोरदार प्रेशरने पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची अडते. कूलंट बदलल्यावर आतली हवा पूर्ण काढा. अडकलेला हवेचा एक फुगा चांगल्या गाडीलाही तापवतो.

घरी तुम्ही स्वतः काय बघू शकता? गाडी थंड असताना इंजिन सुरू करा, एसी फुल्ल करा. थोड्याच वेळात पंखा फिरला पाहिजे. समोरच्या जाळीवर कागद धरा, तो जाळीला चिकटला तर पंखा योग्य दिशेने ओढतोय. हात, ओढणी आणि लहान मुलं पंख्यापासून लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

काही जण म्हणतील, “माझी गाडी पाच वर्षं डायरेक्टवर चाललीय, काही झालं नाही.” चांगलं आहे. सीटबेल्ट न लावताही पाच वर्षं काही होत नाही, सहाव्या वर्षी होतं. आपण बाळासाठी चांगली कार सीट शोधत आठवडाभर फिरतो, दहा जणांना विचारतो. त्याच बाळाला ४८ अंशांत गार हवा देणारा पंखा मात्र टेपने जोडलेला! कार सीट आणि कूलिंग यंत्रणा, दोन्ही एकाच यादीत असायला हव्यात.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. पण मस्कतहून सालालाला जाणारा वाळवंटातला रस्ता आठवा. साधारण हजार किलोमीटर. खरीफ बघायला आपण जुलै-ऑगस्टमध्येच जातो, म्हणजे सालालात धुकं आणि आदमपासून हैमा, हैमापासून थुमरैतपर्यंत नुसतं ऊन. दोन्ही बाजूंना सावलीला झाड नाही. तिथे गाडी बंद पडली म्हणजे एसी बंद पडला. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. घाटात गाडी उकळली तर वडील आपल्याला करवंदं घेऊन द्यायचे, गंमत वाटायची. इथे गंमत नाही.

म्हणून शेवटचं, घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला, नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलालासुद्धा, हे शिकवा :

काटा नेहमीच्या जागेवरून थोडा जरी वर सरकला तरी ती सूचना नाही, इशारा आहे. बऱ्याच गाड्यांत काटा बराच वेळ मधेच थांबेल असा मुद्दाम केलेला असतो, तो हलतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. एसी बंद करा. हीटर फुल्ल गरम करा आणि काचा खाली करा, त्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर येते आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी पोचता येतं. तेवढ्यापुरतंच हे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. “पुढच्या पंपापर्यंत जाऊ” म्हणून हेड वाकवून घेऊ नका. मुलांना उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे, छत्री किंवा चादरीच्या सावलीत न्या. मदतीला फोन करा. झाकण उघडू नका! दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उकळत तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, अॅल्युमिनियमला तडा जातो. आणि गाडीत पिण्याचं पाणी माणशी किमान तीन-चार लिटर ठेवा. ते माणसांसाठी, रेडिएटरसाठी नाही.

ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी विचारलं “गाडी गरम होतेय”, तर उत्तर देण्याआधी एकच प्रश्न विचारा : “उभी असताना की चालताना?” ज्याला हा प्रश्न विचारायचा सुचत नाही त्याचा सल्ला घेऊ नका. आणि “डायरेक्ट करून टाक” असं कोणी लिहिलं, तर ही पोस्ट त्याच्या खाली चिकटवा. भांडण झालं तरी चालेल, मी आहे.